अमेरिकेतले तुमचे पहिले फेडरल (केंद्रीय) आयकर विवरणपत्र

तुम्ही यंदा प्रथमच विवरणपत्र भरणार आहात, तेव्हा सगळे नियम पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. फक्त डब्ल्यू-२ (मालकाकडून येणारा पगाराचा तपशील) आणि १०९९ (बँकेचे व्याज वगैरे इतर उत्पन्नाचा तपशील) हे सर्व कागद हाती आल्याशिवाय विवरणपत्र पाठवू नका. मागाहून आलेल्या एका कागदापायी दुरुस्त विवरणपत्र भरावे लागते.

नवख्यांची सर्वांत महागडी चूक मुदतवाढीबाबत होते. फॉर्म ४८६८ भरल्यास १५ एप्रिलऐवजी १५ ऑक्टोबरपर्यंत सवलत मिळते, पण ती विवरणपत्रापुरती. कर एप्रिलमध्येच भरायचा असतो. हाती पैसे नसले तरी विवरणपत्र वेळेत द्या, कारण ते न दिल्याचा दंड थकीत कराच्या दरमहा ५ टक्के, तर कर उशिरा भरल्याचा सहसा अर्धा टक्काच असतो.

करदृष्ट्या तुम्ही रहिवासी ठरत असाल, तर भारतातल्या मुदत ठेवींचे व्याजही इथे दाखवावे लागते. आईबरोबरचे संयुक्त खाते मी पहिल्या वर्षी 'ते तिचेच' म्हणून सोडून दिले होते. वास्तविक सर्व परदेशी खात्यांतली एकत्रित रक्कम वर्षभरात कधीही १०,००० डॉलरांपुढे गेली, तर एफबार हा स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो आणि त्यात संयुक्त खातीही धरली जातात.

तिमाही आगाऊ कराचे, स्वतःचा व्यवसाय सुरू केलात की पाहू.