योग सोडून पिलाटेस की ताई ची? आधी पुढे वाकणं थांबवा

नमस्कार,

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वय ४७, दिवसभर खुर्चीतलं काम, सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली, वाकलं तर हात पावलांपर्यंत पोहोचत नाहीत, झोप तुटक. दोन महिने योगवर्ग केला आणि आता बसलं की एका बाजूच्या नितंबाखाली, अगदी हाडावर दुखतं. बहीण ताई ची (सावकाश, सलग हालचालींचा चिनी व्यायाम) सुचवते, मैत्रीण पिलाटेस, आणि तुम्ही विचारताय की योग सोडून यातलं काय धरू.

नितंबाखालचं ते हाडावरचं दुखणं मला चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते. मी डॉक्टर नाही, आणि पोस्ट वाचून निदान होत नसतं. दुखणं गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर तो नसेचा प्रश्न असू शकतो, आधी दाखवून घ्या. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, हालचाल केल्यावर सुटत असेल आणि पहाटे दुखण्यानं जाग येत असेल, तर तेही डॉक्टरांना मुद्दाम सांगा. संधिवाताच्या एका प्रकारात अगदी असंच होतं.

हे काही नसेल तर पुढचं वाचा.

मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, ज्या कंडरेनं बसायच्या हाडाला जोडलेले असतात, ती कंडरा चिडली की दुखणं नेमकं तिथे येतं. खूण अशी: कडक खुर्चीवर किंवा गाडीत बसून राहिलं की वाढतं, पुढे वाकलं की टोचतं, जिना किंवा चढ चढताना जाणवतं, उठून चार पावलं चाललं की थोडं कमी होतं. पुढे वाकण्याच्या आसनांचा मारा झाला की हे होतं, आणि योग शिकवणाऱ्यांमध्येही ते बरंच आढळतं. पाय सरळ ठेवून कमरेतून वाकलं की ती कंडरा नुसती ताणली जात नाही, ती हाडावर दाबलीही जाते. दोर दगडाच्या कडेवरून ओढत राहावा तसा प्रकार. म्हणजे ‘इथे आखडलंय, इथेच ताण देऊ’ असं म्हणून रोज पश्चिमोत्तानासन केलं की दुखणं रोज नव्यानं उकरलं जातं.

सगळ्यात महागात पडते ती हीच समजूत: आखडलं आहे म्हणजे स्नायू आखूड आहे, आणि आखूड आहे म्हणजे ताणून लांब करायचा. बसून काम करणाऱ्यांचे हॅमस्ट्रिंग बऱ्याचदा आखूड नसतात, कमकुवत असतात. कमरेला आधार कमी पडतो म्हणून शरीर त्यांना घट्ट धरून ठेवतं. ताण दिल्यावर तासभर मोकळं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, म्हणून माणूस आणखी ताणतो. यात महिनेच्या महिने जातात.

वर्गांचा आणि केंद्रांचा राग येतो तो इथे. एका मोठ्या केंद्राचं नाव घेत नाही. तिथल्या प्रवेशाच्या फॉर्मवर पत्ता, बॅच आणि हप्ते हे सगळं होतं, पण ‘सध्या काही दुखतं का’ एवढा एक प्रश्न नव्हता. दुखतंय म्हणून सांगितलं की उत्तर ठरलेलं: पहिले काही आठवडे दुखणारच, शरीर उघडतंय. बॅच बदलून हवी तर पुढच्या सत्रापर्यंत थांबा, कारण ऑफिसच्या यादीत तसं बसत नाही. स्नायूचं श्रमानं दुखणं वेगळं असतं: ते स्नायूच्या मधल्या मांसल भागात येतं, दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. हाडाशी, एकाच बाजूला, एका बोटानं दाखवता येईल असं दुखणं हे शरीर उघडण्याचं लक्षण नाही. ज्या शिक्षकाला हा फरक सांगता येत नाही त्याच्याकडे जाऊ नये, मग तो योगाचा असो, पिलाटेसचा असो की आणखी कशाचा. हे माझं ठाम मत आहे, कुणाला टोकाचं वाटलं तरी चालेल.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं: काही आठवडे कुठल्याही पद्धतीत सरळ पायांनी पुढे वाकणं पूर्ण बंद. पश्चिमोत्तानासन, जानुशीर्षासन, उत्तानासन, पाय पसरून वाकणं, सगळं. सुप्त पादांगुष्ठासनसुद्धा. पाठीवर झोपून पट्ट्यानं पाय वर ओढायचा म्हणून शिक्षक ते ‘सुरक्षित’ म्हणून देतात. पाठीसाठी ते सौम्य आहे, मान्य, पण त्या कंडरेला दोन्ही सारखंच.

त्या जागी ताकद. पाठीवर झोपून सेतुबंध, पण टाचा नितंबांपासून नेहमीपेक्षा एक पाऊल लांब. टाचांवर भार देऊन कंबर उचला आणि ३० ते ४५ सेकंद धरा. मध्ये मिनिटभर विश्रांती घेऊन चार-पाच वेळा. श्वास कोंडू नका. मांडीच्या मागे काम होतंय असं जाणवायला हवं. कमरेत जाणवलं तर कंबर थोडी खाली आणा. पोटरीत किंवा मांडीत गोळा आला तर टाचा थोड्या जवळ घ्या. दुखण्याला ० ते १० आकडा द्या. करताना ३ पर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीवर आलेलं हवं. आलं नाही तर सेकंद कमी करा, व्यायाम सोडू नका. दोन्ही पायांनी सोपं झालं की एका पायानं. त्यापुढचं, म्हणजे वजन घेऊन वाकण्याचं, काम फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली करा. कंडरा सावकाश सुधारते, काही महिने धरून चाला. बसताना दर अर्ध्या तासानं उठायचं, आणि खुर्चीवर अशी उशी घ्या की त्या हाडावर थेट दाब येणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न.

पिलाटेस ऐकायला तुम्हाला अगदी योग्य वाटेल: पोट-पाठीची ताकद, नियंत्रण, कमी पुनरावृत्ती. बरोबरच आहे. पण जोसेफ पिलाटेस यांनी बसवलेल्या चटईवरच्या मूळ ३४ प्रकारांतल्या पहिल्या अकरांत बहुतेक ठिकाणी पाठ गोल करून पुढे वळायचं असतं. स्पाइन स्ट्रेच आणि सॉ हे दोन तर पाय लांब पसरून बसूनच करतात. म्हणजे योगवर्ग सोडून पिलाटेसच्या चटईवर गेलात तर तेच दुखणं बरोबर येईल. शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की ब्रिज (म्हणजे सेतुबंधच), कुशीवर झोपून पायांचे प्रकार, चार पायांवर येऊन विरुद्ध हात-पाय उचलणं आणि पालथं झोपून ‘स्विमिंग’ नावाच्या प्रकाराची तयारी, एवढंच हवं. हंड्रेडमध्ये, म्हणजे पाठीवर झोपून डोकं उचलून शंभर ठोके मोजायच्या प्रकारात, मान दुखते ती मानेनं डोकं उचलल्यामुळे. डोकं खाली ठेवून, गुडघे वाकवून तोच श्वास घ्या: पाच ठोके आत, पाच बाहेर, दहा वेळा. रिफॉर्मरवर, म्हणजे स्प्रिंग आणि सरकती गादी असलेल्या पिलाटेसच्या यंत्रावर, जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, स्प्रिंग हलकी म्हणजे व्यायाम सोपा असं नेहमी नसतं. झोपून पायांनी ढकलताना हलकी स्प्रिंग सोपी जाते. फळीसारखं शरीर धरताना किंवा उभं राहताना हलक्या स्प्रिंगवर ती गादी घसरते आणि काम दुप्पट होतं. वीस जणांच्या वर्गाआधी शिक्षकाकडून दोन-तीन तास एकट्यानं शिकून घ्या. पैसे जायचेच असतील तर इथे जाऊ द्या.

ताई चीत तुमच्या कंडरेला धोका कमी, कारण बहुतेक वेळ उभ्यानं आणि किंचित वाकलेल्या गुडघ्यांवर जातो. तोल आणि गुडघ्याच्या झिजेसाठी तिच्यामागे चांगले पुरावे आहेत: २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याच्या झिजेवर १२ आठवड्यांची ताई ची आणि फिजिओथेरपी यांचा परिणाम सारखाच दिसला. माझी तक्रार शिकवण्याच्या घाईबद्दल आहे. १९५६ सालचा २४ हालचालींचा सोपा क्रम पाच-सहा मिनिटांत संपतो, पण नीट बसायला कित्येक महिने लागतात, आणि वर्गाला तो एका सत्रात संपवायचा असतो. मग पायावर वजन असतानाच पाऊल वळवलं जातं आणि गुडघा पिळला जातो. नियम सोपा आहे: पाऊल वळवायचं तर आधी त्यावरचं वजन काढा, मग वळवा, मग वजन द्या. गुडघा पावलाच्या दिशेतच राहिला पाहिजे, आत पडता कामा नये. खाली बसणं जेवढं जमतं त्याच्या दोन-तृतीयांशच करा. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर सुन शैली शोधा, तिच्यात उंच उभं राहतात आणि मागचा पाय पुढच्यामागे लगेच ओढून घेतात. बूट पातळ, सपाट तळाचे. जाड तळाच्या पळायच्या बुटांचा रबर जमिनीला चिकटतो, आणि वळताना पाऊल अडलं की गुडघा भोगतो.

चिगाँग या श्वासाबरोबर करायच्या चिनी व्यायामाचे आठ प्रकारही सुरुवातीला चांगले, १५ मिनिटांत होतात. त्यातला पावलांना हात नेण्याचा प्रकार तुम्ही गुडघ्यापर्यंतच ठेवा.

योग सोडायलाच हवा असं मला वाटत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं जुन्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी जे उपाय सुचवले, त्यांत योग आणि ताई ची दोन्ही आहेत. पिलाटेसबद्दलच्या अभ्यासांतही ती काहीच न करण्यापेक्षा बरी ठरते, पण इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचं पक्कं दिसत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘कुठली पद्धत सर्वांत चांगली’ यावर लोक तासन् तास भांडतात. तुम्हाला योगाची सवय झाली आहे, श्वास आवडतो, तर वर्ग बदला. साधनं वापरणारा वर्ग शोधा: ब्लॉक, पट्टा, खुर्ची, ब्लँकेट. बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतले शिक्षक याबाबत सहसा चोख असतात. उत्तानासनाऐवजी भिंतीला हात लावून, गुडघे सैल ठेवून अर्धंच वाकायचं, तेही न दुखता. अधोमुख श्वानासनात गुडघे वाकलेले, टाचा वर. वीरभद्रासनात पावलांतलं अंतर कमी. शलभासन, मार्जारासन जरूर. शवासनात गुडघ्यांखाली गुंडाळलेलं ब्लँकेट.

आणि पहाटेची बॅच नको. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावरच्या पहिल्या तासात वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. तुमची कंबर सकाळीच आखडते हेही त्याच्याशी जुळतं. संध्याकाळची बॅच घ्या, किंवा सकाळी आधी तासभर हिंडाफिरा.

वाचणाऱ्या इतरांसाठी: काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, त्यात डोळ्यातला दाब वाढतो. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून वाकणं आणि पाठीवर लोळणं टाळा, मग पद्धत कुठलीही असो. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखणं नको.

झोपेसाठी यातलं काहीही चालेल. निजण्याआधी दहा मिनिटं चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, न रोखता. फेल्डेनक्राइस आणि अलेक्झांडर तंत्र या शरीराच्या हालचालीकडे लक्ष द्यायला शिकवणाऱ्या पद्धतींचा तुम्ही उल्लेख केला नाही, पण हालचालीचीच भीती बसली असेल तर त्यांचा विचार करा. ताकद मात्र त्यांतून मिळत नाही. आणि यातलं काहीही केलं तरी भरभर चालणं वेगळं हवं, आठवड्याला किमान १५० मिनिटं.

मी तुमच्या जागी असते तर काय, असं विचाराल तर: दोन महिने सेतुबंध आणि ताई चीचा अगदी छोटा वर्ग, आणि हाडावरचं दुखणं शांत झाल्यावर संध्याकाळचा साधनांचा योग. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, महिन्याचे भरा. फोनवर एवढंच विचारा: वर्गात किती जण असतात, आणि बसायच्या हाडापाशी दुखत असेल तर तुम्ही काय बदलून देता? उत्तरात ठोस आसनाचं किंवा हालचालीचं नाव आलं नाही तर फोन ठेवा.

दोन गोष्टी कळवाल का? दुखणं गुडघ्याखाली उतरतं का, आणि सेतुबंध धरल्यावर ० ते १० मध्ये आकडा किती येतो. त्यावर पुढचं लिहिते.