बाबा गेल्यानंतरचे पहिले महिने

बाबांना जाऊन दीड महिना झाला तरी रडू आले नाही, याची तुला लाज वाटते असे तू म्हणतोस. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. माझे वडील यंत्रमागावर चादरी विणत आणि मी दहावीत असताना ते गेले. तेराव्यापर्यंत माझे डोळे कोरडेच होते, पण जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याखाली एकटा उभा राहिलो, तेव्हा मात्र हुंदका आवरला नाही.

सध्या वेळेवर दोन घास खाणे आणि ठरल्या वेळी झोपणे, एवढेच सांभाळ. 'आता तूच घरातला कर्ता' हे नातेवाइकांचे बोलणे खरे मानून मी आईसमोर बाबांचे नाव काढणेच सोडले आणि आम्ही दोघे एकाच खोलीत वेगवेगळे झुरत राहिलो. ही चूक तू करू नकोस. भाकरीवर शेंगाचटणी घेताना त्यांची आठवण आली, तर आईला तसे सांग. वर्गशिक्षकांनाही कल्पना दे.

जगणेच नकोसे वाटले, तर त्याच क्षणी आईला उठव किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर फोन कर. तिथे चोवीस तास मराठीतही बोलता येते. बाबांच्या चष्म्याचे, कपड्यांचे काय करायचे, हे वर्षश्राद्धानंतर ठरवले तरी चालेल.