अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या श्वसनविकारावरील संशोधनातून काय शिकता येते?

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मेरी एलन एव्हरी यांच्या कामातून मला जाणवते ते हे, की जे दिसत नाही त्याचीही नोंद घ्यावी. मृत बाळांच्या फुप्फुसांतील काचेसारख्या पटलालाच अनेक जण रोगाचे कारण मानत असताना, तेथे निरोगी फुप्फुसांत दिसणारा नेहमीचा फेस नाही हे एव्हरी यांनी हेरले आणि वायुकोश (फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्या) मिटू न देणारे सरफॅक्टंट हे द्रव्य तेथे कमी पडते, हे १९५९ मध्ये सहकारी मीड यांच्यासह दाखवून दिले. उपचाराला मात्र वेळ लागला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ मध्ये याच विकाराने दोन दिवसांतच दगावला (तेव्हा सत्ता आणि पैसाही कामी आला नाही), तर जपानचे डॉक्टर फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून बनवलेले सरफॅक्टंट १० बाळांना दिल्याचा यशस्वी अहवाल १९८० मध्ये आला.