गोव्यात महागड्या व्हीगन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जावे का? पैसे वसूल होतात का?

तुमची बायको व्हीगन आहे, म्हणजे मांस-मासेच काय, दूध, तूप, मधही खात नाही, तुम्ही तसे नाही, आणि लग्नाच्या वाढदिवसाला आसगाव-हणजुणे भागात कुठेतरी झकास जेवायचे आहे, असे तुम्ही विचारले आहे. मी फोंड्याचा, पक्का मासेखाऊ. भाचीमुळे अशा ठिकाणी जाणे होते.

खुशाल जा, पण आधी मेनू मागवून वाचा. ॲव्होकाडो टोस्ट, बीटाचा बर्गर, टोफूचा स्टेक एवढेच असेल तर ते पुण्यातही मिळते, त्यासाठी आसगावच्या चिंचोळ्या रस्त्यांवर गाडी कशाला अडकवायची?

पैसे वसूल होतात ते शेफने गोव्याच्या स्वयंपाकघरात हात घातला असेल तिथे. आमच्याकडे सोमवारी, श्रावणात, चवथीला शिवराक, म्हणजे शाकाहारी, रांधतात आणि त्यात दाटपणा आणायला दूध-साय लागत नाही, नारळाचा रस असतो. तेफळाच्या वासाचे खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण), अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक म्हणजे रस्सा, मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, वरचे तूप टाळले की मणगणे ही चणाडाळीची खीरही. व्हीगन हा शब्द कानावर यायच्या कितीतरी आधीपासूनचे हे पदार्थ. मेनूत यांतले काही दिसले, किंवा अळंब्यांची शाकुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा), कोवळ्या फणसाचे काफ्रेल (हिरव्या मसाल्यातले) असे काही, तर डोळे मिटून मागवा. एप्रिलच्या सुमारास आलात तर ओल्या बिब्ब्यांचे, म्हणजे ओल्या काजूगरांचे, काय आहे ते विचाराच. पावसाळ्यात मात्र किनाऱ्याकडची बरीच ठिकाणे बंद असतात, फोन केल्याशिवाय निघू नका.

काजूचे चीज जरूर चाखा. काजू भिजवून, वाटून, आंबवून करतात. नीट आंबले असेल तर छान आंबूस लागते, घाई केली असेल तर काजूकतलीच्या सारणात मीठ पडल्यासारखे. नकली मटण, नकली कोळंबी यांच्या वाटेला मी जात नाही. ज्याला कोळंबी ठाऊक आहे त्याचे त्याने समाधान होत नाही आणि जिला ती नकोच आहे तिला नक्कल कशाला?

पूर्ण व्हीगन नसलेल्या ठिकाणी गेलात तर एक लक्षात ठेवा: हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध, तूप, मध सगळे चालते. नीरफणसाची कापे मासे तळलेल्या तेलात तर सोडत नाहीत ना, हेही विचारा. काही वाइन माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेल्या पदार्थाने नितळ करतात, म्हणून भाची सरळ हुर्राक (काजूच्या बोंडांची हलकी दारू) आणि लिंबूसोडा मागवते. माझी त्याला काहीच हरकत नसते.

बिलात जीएसटी येणारच. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तसे स्पष्ट केले आहे. लावला असेल तर काढायला सांगा आणि जेवण आवडले तर तेवढेच पैसे वाढणाऱ्याच्या हातात द्या.