न चावणाऱ्या चिलटांची भावकी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संध्याकाळी पाण्याकाठी थवे करणारी, डासांसारखी दिसणारी पण न चावणारी चिलटं डासांच्याच कुळातली का?

उत्तर : नाही. डासांचं कुल क्युलिसिडी, यांचं कायरोनोमिडी. गण एकच, द्विपंखी. पण रूढ वर्गीकरणात या चिलटांचे जवळचे नातलग डास नव्हेत. सेरॅटोपोगोनिडी कुळातल्या बारीक चावऱ्या माश्या आणि काळ्या माश्या त्यांना अधिक जवळच्या. भिंगाखाली पाहा : डासाला लांब सोंड आणि पंखांच्या शिरांवर खवले असतात, चिलटाला दोन्ही नाहीत. बसलेलं चिलट बहुधा पुढचे पाय उचलून धरतं, डास मागचे. झुपकेदार मिशांवर मात्र विसंबू नका, त्या दोन्हींकडे नरांना असतात.

प्रश्न : कायरोनोमिनी आणि ऑर्थोक्लाडिनी ही उपकुळं ओळखताना माझा नेहमी गोंधळ होतो. पंख तर सारखेच दिसतात.

उत्तर : या कुळात सध्या ११ उपकुळं मानतात आणि सर्वाधिक गफलत याच दोघांत होते. टॅनिपोडिनी, डायमेसिनी या उपकुळांच्या पंखात एमसीयू ही आडवी शीर असते, कायरोनोमिनी आणि ऑर्थोक्लाडिनीत ती नसते. म्हणून पंख बाजूला ठेवून नराचे पुढचे पाय आणि जननांग पाहा. पुढच्या पायाच्या टार्ससचा (नडगीपुढच्या भागाचा) पहिला खंड नडगीहून लांब असेल तर सहसा कायरोनोमिनी, आखूड असेल तर ऑर्थोक्लाडिनी. जननांगाचा टोकाचा चिमटा पहिल्यात मुळाशी घट्ट जोडलेला आणि मागे रोखलेला असतो, दुसऱ्यात तो बिजागरीसारखा आत दुमडतो.

हे दिसायला स्लाइड नीट हवी. एक पंख आणि एका बाजूचे पाय आधीच काढून ठेवा. उरलेलं शरीर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा. स्नायू विरघळले की लगेच बाहेर काढा, कारण जास्त वेळ राहिलं तर कवच काचेसारखं पारदर्शक होतं आणि केस गळतात. मग अॅसेटिक आम्लात थोडा वेळ ठेवून अल्कली मारा, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून न्या आणि युपॅरल या स्लाइडसाठीच्या पारदर्शक चिकट द्रवात बसवा. युपॅरल दुधाळ झालं तर आत पाणी राहिलंय असं समजा. जननांग तिरकं बसलं तर चिमट्याचा कोन फसवतो. कव्हरस्लिप ठेवण्यापूर्वी ते सुईने सरळ करा, नंतर ते जमत नाही.

डीएनएही काढायचा असेल तर नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, ९५ टक्के इथेनॉल वापरा.

प्रश्न : लाल अळ्या सगळ्या एकाच गटातल्या समजाव्यात का?

उत्तर : समजू नये. हा रंग रक्तरसात विरघळलेल्या हिमोग्लोबिनचा. कमी ऑक्सिजनच्या गाळात ते उपयोगी पडतं. कायरोनोमस या प्रजातीच्या अळ्या लाल असतात, तशा टॅनिपोडिनीतल्या काही अळ्याही असतात. आणि अल्कोहोलमध्ये हा रंग टिकत नाही. समुद्रात राहण्याचंही तसंच, तिथल्या प्रजाती वेगवेगळ्या उपकुळांतल्या आहेत : क्लुनिओ ऑर्थोक्लाडिनीत, पोंटोमिया कायरोनोमिनीत, टेल्मॅटोजेटॉन टेल्मॅटोजेटोनिनीत. सारखी परिस्थिती सारखं रूप घडवते, त्यावरून नातं सिद्ध होत नाही.

अळीसाठी डोक्याचं कवच खालच्या बाजूने बघा. मेंटमच्या (तोंडाखालच्या दातेरी पट्टीच्या) दोन्ही बाजूंना रेघारेघांच्या पंख्यासारख्या पट्ट्या असतील तर कायरोनोमिनी. आत ओढता येणाऱ्या मिशा असतील तर टॅनिपोडिनी. जातीपर्यंत जायचं तर एकेक अळी वेगळ्या कुपीत वाढवा आणि अळीची कात, कोषाची कात व प्रौढ एकाच क्रमांकाखाली ठेवा. हे कंटाळवाणं काम टाळलं, की एकाच जातीच्या अळीला आणि प्रौढाला वेगवेगळी नावं पडतात.

प्रश्न : जुन्या ग्रंथात टेंडिपेडिडी असं कुळाचं नाव दिसतं. हे वेगळं कुळ आहे का?

उत्तर : तेच कुळ. कुळाचं नाव प्रजातीच्या नावावरून पडतं. जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेन यांनी एकाच प्रजातीला १८०० साली टेंडिपेस हे नाव दिलं, १८०३ मध्ये कायरोनोमस. पुढे काही अभ्यासकांनी पहिलं वापरलं, काहींनी दुसरं. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने मायगेन यांची १८०० ची नावं बाद ठरवली. त्याआधीचं साहित्य शोधताना दोन्ही नावांनी शोधा. टॅनिपस या प्रजातीसाठी तेव्हा पेलोपिया हे नाव वापरत, तेही लक्षात असू द्या.