सूर्य जोमात आला की आयनांबराच्या वरच्या थराचं तापमान किती वाढतं?

तुमचा प्रश्न असा आहे की आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागात, ४००-५०० किलोमीटर उंचीवर तापमान हजार अंशांच्या घरात असतं, तर ते सौरचक्राबरोबर, म्हणजे सूर्याच्या जोमातल्या साधारण ११ वर्षांच्या चढउताराबरोबर, कमी-जास्त होतं का? होतं, आणि चांगलंच होतं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून आधी उलट विचारतो: तापमान कोणाचं? तिथली हवा इतकी विरळ आहे की वायू, आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) आणि सुटे इलेक्ट्रॉन एकाच जागी असूनही दिवसा तिघांची तापमानं वेगळी असतात.

वायूचं सरळ आहे. सूर्याचे तीव्र अतिनील किरण शोषून तो तापतो: सूर्य शांत असताना साधारण ७०० केल्विन, जोमात असताना १२०० किंवा त्याहूनही वर. तापलेली हवा फुगते आणि उपग्रहांना अडवते. सौरचक्र अंदाजापेक्षा जोरकस निघालं, म्हणूनच स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक १९७९ मध्ये ठरल्यापेक्षा लवकर खाली आलं.

खरी गंमत इलेक्ट्रॉनांची. किरणांनी अणूतून सुटलेला इलेक्ट्रॉन जादा ऊर्जा घेऊन निघतो आणि ती भोवतालच्या इलेक्ट्रॉनांना वाटतो. सूर्य जोमात असला की ऊर्जा वाढते, पण वाटेकरीही वाढतात. शिवाय गर्दीत आयनांशी टकरी जास्त होऊन उष्णता त्यांच्याकडे जाते. त्यामुळे दिवसा इलेक्ट्रॉनांचं तापमान सूर्याबरोबर सरळ चढत नाही, कधी कधी उलट उतरतं. सूर्योदयानंतर हेच उघड दिसतं. रात्रभरात इलेक्ट्रॉन विरळ झालेले असतात, ऊर्जा मात्र एकदम येते. विषुववृत्ताजवळ तापमान झपाट्याने ३००० केल्विनच्या आसपास जातं आणि गर्दी वाढली की दुपारपर्यंत बरंच खाली येतं.

आपल्या डोक्यावरची ही तापमानं भारतानेही मोजली आहेत, याचा मला फार अभिमान आहे. मे १९९४ मध्ये श्रीहरिकोटाहून सोडलेला स्रॉस-सी २ हा छोटा उपग्रह २००१ पर्यंत इलेक्ट्रॉन आणि आयनांची तापमानं टिपत होता. म्हणजे १९९६ च्या सुमाराचा शांत सूर्य आणि २००० चा जोमातला सूर्य, दोन्ही एकाच उपकरणाने पाहिले.

तुम्हाला सौरचक्राचा परिणाम स्वच्छ पाहायचा असेल, तर त्यातली मध्यरात्रीची मोजमापं घ्या. तेव्हा ऊन नसतं, तिघंही जवळजवळ एकाच तापमानाला आलेले असतात, आणि २००० मधली रात्र १९९६ मधल्या रात्रीपेक्षा काहीशे अंशांनी गरम दिसते.