बातम्यांतली हिंसा आणि बधिर मन

प्रश्न : युद्धाची, स्फोटांची दृश्यं रोज मोबाइलवर दिसतात. पूर्वी अंगावर काटा यायचा, आता अंगठा सरळ पुढे सरकतो. मी निर्ढावलो आहे का?

उत्तर : बहुधा नाही. तोच धक्का वारंवार बसला की मेंदूचा प्रतिसाद मंदावतो, हे खरं. पण अंगठा सरकतो तो अनेकदा ‘बघून मी करणार काय?’ या हतबलतेतून. सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडलेल्या सीरियन बालकाचा फोटो जगभर पोचला. स्वीडिश रेड क्रॉसकडे निर्वासितांसाठी येणाऱ्या देणग्या अनेक पटींनी वाढल्या आणि सहाएक आठवड्यांत ओसरल्या. सीरियातल्या युद्धातल्या मृतांचे आकडे तर आधीपासून छापून येतच होते, पण मनं हलली ती एका बालकाच्या फोटोने!

दुसरी बाजूही आहे. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर आठवडाभर रोज सहा किंवा अधिक तास त्याच्या बातम्यांत घालवणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली.

आधी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले’ (व्हिडिओ आपोआप सुरू होणं) बंद करा. न मागता समोर येणारं दृश्यच जास्त त्रास देतं. बातमी वाचा, व्हिडिओ टाळा. दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं पुरे. झोपण्यापूर्वीचा तास मोकळा ठेवा. सगळंच बंद करू नका, एखादाच विषय नीट धरा आणि जमेल ती छोटी मदत करा. मात्र घरच्यांबद्दलही काही वाटेनासं झालं, किंवा झोपमोड दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर समुपदेशकाला भेटा.